बाळंतिणीचं तिखट कढण

बचत गटाच्या सगळ्या बहिणींना, आणि त्यांच्यासोबत रेडिओ ऐकणाऱ्या सासूबाईंनाही रामराम!

आज बाळंतिणीच्या ताटाविषयी बोलू. डिंकाचे लाडू, हाळिवाची खीर आपण कौतुकाने करतो. पण वाटीभर गरम कढण मात्र मागे पडत चाललंय.

माझं सासर शिंदखेडा तालुक्यातलं, माहेर धरणगावकडचं. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, तेही ऐन मे महिन्यात. आपल्या खान्देशातलं मेचं ऊन तुम्हाला सांगायला नको. पत्र्याची खोली, दारं-खिडक्या बंद. आणि आजी म्हणायची, "माय, पानी जास्त पिऊ नको, पोट सुटी जाई." तिचा जीव माझ्यावरच होता, म्हणून मीही ऐकलं. चार-पाच दिवसांत तोंडाला कोरड पडली, शौचाला खडा झाला, टाके दुखायला लागले, डोकं गरगरायला लागलं.

सातव्या दिवशी आशाताई भेटीला आल्या. माझे सुकलेले ओठ त्यांनी पाहिले. आजीशी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, "आजी, तुम्ही पूर्वी मुगाचं कढण करायच्या ना? ते का नाही देत?" आजी लगेच उठली. पाणी तिला चालत नव्हतं, कढण चालत होतं! दिवसातून तीन वाट्या कढण सुरू झालं. मग हळूहळू पाण्याचा तांब्याही उशाशी आला.

आता कृती ऐका. एक वाटी हिरवे मूग रात्री भिजत घाला. सकाळी पाच वाट्या पाणी आणि चिमूटभर हळद घालून कुकरमध्ये मऊ शिजवा, रवीने घोटा. कढईत दोन चमचे साजूक तूप, त्यात जिरं, हिंग, सात-आठ ठेचलेल्या लसूण पाकळ्या. लसूण लालसर झाला की घोटलेले मूग ओता. पाच-सहा मिरे कुटून, पाव चमचा सुंठ आणि मीठ घाला. दोन उकळ्या येऊ द्या. तिखटपणा मिऱ्याचा आणि सुंठीचा. आपला काळा मसाला इथे नको. खाली उतरवून लिंबू पिळा. ताजं करा, गरम द्या.

एक चूक मात्र करू नका. काही घरी वरचं पाणी बाळंतिणीला देतात आणि मूग गाळून बाकीचे खातात. खरी ताकद मुगात आहे. गाळू नका.

आईच्या दुधात 100 पैकी जवळपास 87 भाग पाणी असतं. मग तिलाच तहानलेलं ठेवून कसं चालेल? पाणी प्यायल्याने पोट सुटत नाही. कढणासोबत भाकरी, वरण, पालेभाजी, चालत असेल तर अंडंही द्या. लोहाची गोळी बाळंतपणानंतर 180 दिवस, रोज एक. गोळीवर लगेच चहा नको, लोह अंगी लागत नाही. चोपडा, यावल, शिरपूर, साक्रीकडच्या आदिवासी गावांतल्या बहिणींनी अमृत आहार योजनेतल्या जेवणाची अंगणवाडीत चौकशी करावी.

कढण हे अन्न आहे, औषध नाही. अंगावरून खूप रक्त जात असेल, ताप असेल, घाण वास येत असेल, झटके आले किंवा डोळ्यांसमोर अंधारी आली, तर चूल सोडा आणि 108 ला फोन लावा. आणि बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध. कढणाचं बोटसुद्धा चाटवायचं नाही.

शेवटी एक विनंती. गटातल्या कुणाची तारीख जवळ आली असेल, तर पुढच्या बैठकीत प्रत्येकीने मूठभर मूग आणा. दहा जणींच्या दहा मुठी झाल्या की तिचे कितीतरी दिवस निघतील. ओटी आपण भरतोच, ही मुगाची ओटीही भरू या.