काठी, छडी आणि दांडी



मघाशी गुरुजी काठी टेकत आले आणि मला त्यांची वेताची छडी आठवली.

आपल्या भाषेत लाकूड एक, नावं किती! गुराख्याची काठी, पोलिसाची लाठी, विटीबरोबर दांडू. पाडव्याला काठीवर गुढी चढते. 'दंड' म्हणजे काठी, बाहू, व्यायाम आणि शिक्षाही. शिवकाळात जमीन मोजायची ती पाच हात पाच मुठींच्या काठीनं. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा.

दांडीवर कपडे वाळतात; तीच 'मारली' की छडी बसायची! सातवीत मी भातलावणीसाठी आठवडाभर दांडी मारली. गुरुजींनी छडी ओढली. मला फार राग आला. त्याच संध्याकाळी ते चिखल तुडवत घरी आले आणि कंदिलाजवळ बसवून बुडालेली गणितं शिकवली. आभार मानायचे राहिले, ते आज मानतो.

मुलांना आपण 'म्हातारपणाची काठी' म्हणतो. आपणही गुरुजींचीच मुलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी वडिवळ्याला त्यांच्या घरी येणार आहे. बाकीचे रविवार तुम्ही वाटून घ्या.