सर्दी लपवू नका!

आजचा विषय छोटा आहे, पण जिवाचा आहे.

मी पेठचा. आवणीच्या दिवसांत माझ्या चार वर्षांच्या भाच्याचं हर्नियाचं ऑपरेशन नाशिकला ठरलं होतं. ताई मजुरी बुडवून पहाटेच्या एसटीनं निघाली, मी सोबत. पोराचं नाक वाहत होतं. आईनं निघताना बजावलेलं, "सर्दीचं बोलू नका, परत पाठवतील."

भूल देणाऱ्या मॅडमनी विचारलं, तेव्हा मी गप्प. ताईला राहवलं नाही. "तीन दिवस खोकतोय," म्हणाली. ऑपरेशन पुढं ढकललं. मला रागच आला! मग मॅडमनी जे समजावलं, ते तुम्हाला सांगतो.

लहान मुलांना बऱ्याचदा मास्कमधून सेवोफ्लुरेनसारखा वायू हुंगवून झोपवतात. वजनाच्या मानानं मूल मोठ्या माणसाच्या जवळपास दुप्पट ऑक्सिजन वापरतं, पण फुप्फुसातला साठा तोकडा. भुलेत स्नायू सैल पडले की तो आणखी घटतो. एरवी फुप्फुसाच्या ज्या भागात हवा पोचत नाही, तिथलं रक्त शरीर दुसरीकडं वळवतं. वायूमुळं ही सोयही थोडी मंदावते.

त्यात सर्दी असली की घसा चिडका होतो. स्वरयंत्राच्या पट्ट्या अचानक गच्च मिटू शकतात. हवा आत जाईना, की रक्तातला ऑक्सिजन भराभर उतरतो. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ते दाखवतो. कोरोनात आपण घरोघरी पाहिला ना, तोच चिमटा! त्यामागची युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली. ऑपरेशन थिएटरमध्ये तर आकडा घसरला की यंत्राची टिकटिकसुद्धा जाडसर होत जाते. डॉक्टर मान न वळवता ओळखतात.

भूलतज्ज्ञ अशा वेळेसाठी तयार असतात. मास्क घट्ट धरून ऑक्सिजन देतात, लागलं तर औषध देतात. पण टाळता येणारा धोका पोरानं का घ्यायचा?

तातडीचं ऑपरेशन थांबत नाही, तिथं निर्णय डॉक्टरांचा. पण थांबता येत असेल, तर थांबलेलं बरं. भाच्याचं महिन्याभरानं झालं, संध्याकाळी तो बिस्किट मागत होता.

तर घरातल्या कुणा लहानग्याचं ऑपरेशन असेल, तर चार गोष्टी न विचारताही सांगा: अलीकडची सर्दी-खोकला-ताप, दमा, घरात कुणी विडी-सिगारेट ओढतं का, आणि पोरानं शेवटचं काय, किती वाजता खाल्लं. उपाशी ठेवायला सांगितलं असेल, तर रडतंय म्हणून गुपचूप घास भरवू नका.

त्या दिवशी आमची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं गेलं. ते परत कमावता येतं, मंडळी.

भेटू पुढच्या भागात!