काळोखाचें संगीत

सोलापुरांत १८७७ सालीं पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढें कित्येक पिढ्या शहराचा दिवस भोंग्यानें उजाडत राहिला. त्या जुन्या गिरण्यांचे भोंगे आतां मुके झाले आहेत. परंतु शहराच्या पूर्व भागांत यंत्रमागांची खडखड आजहि ऐकूं येते. धोटा एका बाजूकडून दुसरीकडे जातो, फणी आपटते, आणि तोच ठेका पुन्हां सुरू होतो. परक्यास हा आवाज असह्य वाटतो; मागाशेजारीं वाढलेलें मूल मात्र त्याच आवाजांत स्वस्थ झोंपतें.

आवाज कर्कश असला म्हणजे तो मनास घातकच असावयाचा, ही समजूत श्रोत्यांनीं आजच्या विषयापुरती बाजूस ठेवावी. विषय आहे हेवी मेटल या पाश्चात्त्य संगीताचा, आणि त्यांतहि 'डूम' नांवाच्या संथ, जड व विषण्ण शाखेचा. घरांतला तरुण मुलगा किंवा मुलगी दार लावून असलें संगीत ऐकूं लागली, कीं आईबापांच्या मनांत पहिली शंका येते ती ही, कीं आपलें मूल वाईट मार्गास तर लागलें नाहीं ना?

या संगीताचा उगमहि गिरणगांवासारख्याच जागीं झाला. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हें कारखान्यांचें शहर. तेथें १९६५ सालीं टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यांत काम करीत असतां यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबावयाचा हात नेमका हाच. निराश झालेल्या त्या मुलास कारखान्यांतील एका वरिष्ठानें जँगो राइनहार्ट या वादकाची ध्वनिमुद्रिका ऐकविली. १९२८ सालच्या आगींत राइनहार्टच्या डाव्या हाताचीं दोन बोटें अधू झालीं होतीं. तरी तो मोठा वादक ठरला होता. आयोमीनें प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणें केलीं, बारीक तारा वापरल्या, आणि पुढें त्या ढिल्या करून स्वर खालीं उतरविला. त्यांतून जो जड, घोगरा नाद निघाला, तोच या संगीताचा पाया झाला. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजीं बाहेर पडली.

तींतील पहिल्याच गीताचा कणा म्हणजे षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. षड्ज व तीव्र मध्यम यांमधील अंतरास युरोपांतील जुन्या संगीतशास्त्रज्ञांनीं 'संगीतांतला सैतान' असें नांव ठेविलें होतें. आपल्याकडे मात्र मारवा, पूरिया, मुलतानी या दिवस कलतांनाच्या रागांचें सारें वैभव याच तीव्र मध्यमावर उभें आहे. संध्याकाळीं मारवा ऐकतांना जी हुरहुर लागते, तिला येथें कोणी सैतानी म्हणत नाहीं.

बर्मिंगहॅमचा हा काळोख पुढें इटलींत पोहोंचला. एड्रियाटिक समुद्राकांठचें पेझारो हें रोसिनी या थोर संगीतकाराचें जन्मगांव. तेथेंच १९७७ सालीं 'डेथ एसएस' हा वाद्यवृंद निघाला. त्याच्या संस्थापकांपैकीं पाओलो कातेना हा 'पॉल चेन' या नांवानें प्रसिद्धीस आला आणि १९८४ च्या सुमारास त्यानें आपली वेगळी वाट धरली. त्याची 'आल्काहेस्ट' ही ध्वनिमुद्रिका १९९५ सालची. आल्काहेस्ट म्हणजे सर्व पदार्थांस विरघळविणारा, किमयागारांच्या कल्पनेंतला द्रव. तींतील कांहीं गीतें ली डॉरियन या इंग्रज गायकानें म्हटलीं आहेत. स्वतः चेन हा बहुधा कोणत्याच भाषेंत गात नसे. इंग्रजीसारखे भासणारे, परंतु अर्थहीन असे शब्द तो उच्चारी. हें ऐकून हंसूं येण्याचें कारण नाहीं. आपला तराणा तरी दुसरें काय करतो? शब्दाचा अर्थ सुटला, तरी स्वराचा भाव उरतो, हें आपल्या गवयांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

महाराष्ट्रांतहि या संगीताचें घर आहे. मुंबईच्या 'डेमॉनिक रिझरेक्शन' या वृंदानें २०१७ सालीं 'दशावतार' नांवाची ध्वनिमुद्रिका काढली. तिची लय डूमसारखी संथ नाहीं. परंतु नाद तितकाच काळाकभिन्न आहे, आणि विषय मात्र आजीच्या गोष्टींतला, मत्स्यापासून कल्कीपर्यंतचा.

आतां मूळ प्रश्न. भरतमुनींनीं आठ रस सांगितले, त्यांत करुण आहे आणि भयानकहि आहे. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेलें 'एकच प्याला' पाहून सुशिक्षित कुटुंबांनीं पिढ्यान्‌पिढ्या डोळे पुसले. तें नाटक मुलांना बिघडवितें असें कोणी म्हटलें नाहीं. मनांत कोंडलेल्या दुःखास वा संतापास कलेंत जागा मिळाली, कीं त्याचा भार हलका होतो. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड विद्यापीठांत २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, असें संगीत आवडीनें ऐकणाऱ्या ३९ जणांस आधीं संताप आणविला गेला; नंतर आपल्या आवडीचीं गीतें ऐकून त्यांचा क्षोभ वाढला नाहीं, उलट त्यांना उत्साह वाटला. माणसें थोडीं होतीं, म्हणून यावरून फार मोठा सिद्धांत काढूं नये. पण आईबापांच्या भीतीस तो प्रयोग दुजोरा देत नाहीं, एवढें खरें.

तथापि एक सावधगिरी हवी. मूल जेवेनासें झालें, झोंपेनासें झालें, मित्रांस टाळूं लागलें, तर ती काळजीची गोष्ट खरीच. तेव्हां मुलाशीं बोलावें, जरूर तर वैद्याचा सल्ला घ्यावा. ध्वनिमुद्रिका हिसकावून घेऊन तें दुःख जात नाहीं. उलट, जें एक दार उघडें होतें तेंहि बंद होतें.

म्हणून आईबापांनीं एखाद्या संध्याकाळीं त्या खोलीचें दार वाजवावें, मुलाशेजारीं बसावें आणि एक गीत अखेरपर्यंत ऐकावें. आवडलें नाहीं तर तसें मोकळेपणानें सांगावें. पुढच्या वेळीं मुलालाहि आईबापांचा मारवा ऐकावासा वाटेल.