समुद्राकडून डोंगराकडे : कोबेच्या गोड गल्ल्या



कोबे शहरात वाट विचारली तर उत्तर-दक्षिण सहसा कोणी सांगत नाही. ‘डोंगराच्या बाजूला’ किंवा ‘समुद्राच्या बाजूला’ एवढेच सांगतात. उत्तरेला रोक्को डोंगर, दक्षिणेला बंदर आणि मधे शहराची चिंचोळी पट्टी, म्हणजे चुकायला फारशी जागाच नाही. आजचा फेरफटका याच पट्टीतला आहे: मोतोमाचीच्या छपराखालच्या बाजारपेठेतून निघायचे आणि टोर रोडचा चढ चढून कितानोला पोचायचे. नुसते चालले तर तासाभराचीही वाट नाही. पण वाटेत केकची, पावाची, बिस्किटांची इतकी दुकाने आहेत की दिवस कमी पडावा.

जपानमध्ये केकसाठी नाव घेतले जाते ते कोबेचे. पावाचेही तेच. सरकारच्या गृहखर्च पाहणीत पावावर सर्वाधिक खर्च करणाऱ्या शहरांत कोबे कायम वरच्या रांगेत असते. भात खाणाऱ्या देशातल्या एका शहराला हे वेड लागले कसे? बंदर होते, परदेशी लोक आले, त्यांनी पाव आणला, हे उत्तर लगेच सुचते. ते खोटे नाही, अपुरे आहे. योकोहामाही बंदरच होते आणि ते कोबेच्या आधी खुले झाले. कोबेची गोडी घडवली ती मुख्यतः होते-नव्हते ते गमावून आलेल्या माणसांनी.

सुरुवात मात्र जपानी दुकानांपासूनच करावी लागेल. कोबे बंदर १ जानेवारी १८६८ रोजी परदेशी व्यापाराला खुले झाले. पाचच वर्षांनी, १८७३ मध्ये, मोतोमाचीत ‘कामेइदो सोहोंतेन’ हे दुकान निघाले. त्याची ओळख म्हणजे ‘कावारा सेंबेई’, घराच्या कौलाच्या आकाराचे कडक, गोड बिस्किट. तांदळाचे खारे सेंबेई जपानभर मिळतात. हे गव्हाच्या पिठाचे, अंडी आणि साखर घातलेले. त्यानंतर १८७७ मध्ये ‘होन-ताकासागोया’ आले. त्यांची ‘किंत्सुबा’ म्हणजे आझुकी नावाच्या बारीक लाल कडधान्याचे साखर घालून शिजवलेले सारण, पिठाच्या पातळ कवचात बंद करून तव्यावर भाजलेले. पुरणपोळी खाणाऱ्या माणसाला ती पहिल्या घासातच कळते. पुढे १८९७ मध्ये ‘फुगेत्सुदो’ची कोबे शाखा स्वतंत्र दुकान म्हणून उभी राहिली आणि १९२७ पासून तिने ‘गोफ्र’ विकायला घेतले: कागदासारख्या पातळ दोन चकत्या आणि मधे क्रीमचा हलका हात. गोल पत्र्याच्या डब्यातले हे गोफ्र आजही कोबेहून भेट म्हणून नेतात. डबा मग घरात सुईदोऱ्यासाठी वापरला जातो, हे काही भारतीय माणसाला समजावून सांगायला नको.

आता मोतोमाचीतच असलेल्या ‘युहाइम’च्या मुख्य दुकानात शिरू. इथे जरा थांबावे लागेल.

कार्ल युहाइम हा जर्मन हलवाई. त्याचे दुकान चीनमधल्या चिंगदाओ या जर्मनांच्या ताब्यातल्या बंदरात होते. पहिले महायुद्ध सुरू झाले, जपान इंग्लंडच्या बाजूने उतरला आणि १९१४ च्या नोव्हेंबरात चिंगदाओ पडले. युहाइम सैनिक नव्हता, तरी त्याला युद्धकैदी म्हणून जपानला नेले. आधी ओसाका, मग हिरोशिमाजवळच्या निनोशिमा बेटावर. मार्च १९१९ मध्ये हिरोशिमात जर्मन कैद्यांनी बनवलेल्या वस्तूंचे प्रदर्शन भरले. तिथे त्याने ‘बाउमकुखन’ भाजून विकला. फिरत्या दांड्यावर पिठाचा एक थर ओतायचा, आचेवर तो तांबूस होऊ द्यायचा, मग त्यावर दुसरा, मग तिसरा. कापला की झाडाच्या खोडासारखी वलये दिसतात. आज जपानमध्ये लग्नाच्या पाहुण्यांना हा केक देतात, कारण वलये म्हणजे वाढते आयुष्य. त्याची जपानमधली सुरुवात एका कैद्याने केली. ज्या इमारतीत हे प्रदर्शन भरले होते, तिचा सांगाडा आज अणुबॉम्बचे स्मारक म्हणून उभा आहे.

सुटकेनंतर युहाइम मायदेशी गेला नाही. तोक्योत नोकरी केली आणि १९२२ मध्ये बायको एलिझेसह योकोहामात स्वतःचे दुकान थाटले. पुढच्याच वर्षी, १ सप्टेंबर १९२३ रोजी, कांतोच्या महाभूकंपात ते जमीनदोस्त झाले. कुटुंब कोबेला आले आणि शहराच्या सान्नोमिया भागात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग दुसरे महायुद्ध. मुलगा जर्मन सैन्यात मारला गेला. १७ मार्च आणि ५ जून १९४५ च्या हवाई हल्ल्यांत कोबे होरपळले. कार्ल युहाइम १४ ऑगस्ट १९४५ रोजी रोक्को डोंगरावरच्या हॉटेलात वारला. दुसऱ्या दिवशी सम्राटाने शरणागतीची घोषणा केली. एलिझेला १९४७ मध्ये इतर जर्मनांबरोबर परत पाठवण्यात आले. पण जुन्या जपानी कारागिरांनी १९५० मध्ये दुकान पुन्हा सुरू केले आणि १९५३ मध्ये तिला बोलावून घेतले. ती आली आणि १९७१ मध्ये मृत्यू येईपर्यंत जपानमध्येच राहिली. कंपनीच्या डब्यावर नाव कार्लचे असले, तरी ते टिकवले एलिझेने आणि त्या कारागिरांनी, असे म्हणायला हरकत नाही.

टोर रोडने वर चढताना रशियन नावे भेटतात. क्रांतीनंतर परागंदा झालेल्या कुटुंबांतली ही माणसे. माकार गोंचारोफने १९२३ मध्ये चॉकलेटचा धंदा मांडला. फ्योदोर मोरोझोफचे दुकान १९२६ मध्ये याच रस्त्यावर निघाले. त्याची गोष्ट जरा कडवट आहे. १९३१ मध्ये जपानी भागीदारांबरोबर कंपनी झाली, मग भांडण झाले, प्रकरण कोर्टात गेले आणि मोरोझोफ कुटुंब बाहेर पडले. नाव मात्र कंपनीकडेच राहिले. कुटुंबाला आपली मिठाई दुसऱ्या नावाने विकावी लागली. त्यांचे ‘कॉस्मोपॉलिटन’ २००६ मध्ये बंद झाले. ‘मोरोझोफ’ कंपनी मात्र आज जपानभर आहे.

याच कंपनीने फेब्रुवारी १९३६ मध्ये एका इंग्रजी दैनिकात जाहिरात दिली, की व्हॅलेंटाइनच्या दिवशी चॉकलेट भेट द्या. तिकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी ती चाल रुजली, आणि तीही उलटी: जपानमध्ये त्या दिवशी बायका पुरुषांना चॉकलेट देतात. पुरुषांनी परतफेड करायची ती महिन्याने, १४ मार्चला. हा दुसरा दिवस तर मिठाईवाल्यांनीच काढला. त्यांच्या हिशेबी डोक्याला दाद द्यावी लागते. मोरोझोफचे कस्टर्ड पुडिंग १९६२ पासूनचे आहे. ते काचेच्या पेल्यात मिळते, आणि हे पेले जमवून त्यांत चहा-सरबत पिणारी घरे जपानमध्ये असंख्य आहेत.

सगळ्यात वर, शिन-कोबे स्थानकाच्या बाजूला, ‘फ्रॉइंडलीब’ आहे. हाइन्रिख फ्रॉइंडलीब हाही चिंगदाओहून आणलेला कैदी. सुटल्यावर त्याने नागोयात एका नव्या पाव कारखान्याची भट्टी सांभाळली आणि १९२४ मध्ये कोबेत स्वतःची बेकरी काढली. त्याच्या आणि त्याच्या जपानी पत्नीच्या आयुष्यावरून एनएचके वाहिनीने १९७७ मध्ये रोज सकाळी दाखवली जाणारी मालिका केली. मग कितानोतली परदेशी व्यापाऱ्यांची जुनी घरे बघायला लोकांची रीघ लागली, ती अजून हटलेली नाही. आज ही बेकरी १९२९ च्या एका जुन्या चर्चमध्ये आहे. खाली पाव-बिस्किटांची विक्री, वर उंच कमानींच्या प्रार्थनागृहात कॉफी. मागून घ्यावा तो ‘मिमी’, म्हणजे कान: साखर भुरभुरलेला, खुसखुशीत, दोन वेटोळ्यांचा पापुद्र्याचा पदार्थ.

फ्रेंच पाव मात्र उशिरा आला. १९०५ पासून कोबेत पाव भाजणाऱ्या ‘दोंक’ने १९६५ मध्ये फिलिप बिगो या तरुण फ्रेंच बेकरला कामावर घेतले. लांब, कडक सालीचा पाव जपानी जिभेला त्यानेच रुळवला. १९७२ मध्ये त्याने शेजारच्या अशिया या शहरात स्वतःचे दुकान काढले.

आणि मग १७ जानेवारी १९९५. पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला. ६,४०० हून अधिक माणसे गेली. दूरच्या तोचिगी प्रांतातल्या एका बेकरीने ट्रकभर पाव कोबेला पाठवला. बराचसा वाटपाआधीच खराब झाला. त्या बेकरीवाल्याने मग डब्यात भाजून बंद केलेला, वर्षानुवर्षे मऊ राहणारा पाव तयार केला. आपत्तीसाठी साठवायच्या सामानात तो आता जपानभर दिसतो.

जाणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. बेकरीत शिरल्यावर ताट आणि चिमटा उचलायचा, हवे ते स्वतः घ्यायचे. हात लावायचा नाही. केक घेतला की घरी पोचायला किती वेळ लागेल हे विचारतील आणि त्या हिशेबाने बर्फाच्या पुड्या ठेवतील. तेव्हा खरी वेळ सांगावी. वेळ कमी असेल तर दाइमारू या बहुमजली दुकानाच्या तळघरात बरीच नावे एका जागी मिळतात. शाकाहारी मंडळींनी जपून राहावे: जेली आणि मूसमध्ये जिलेटिन, बिस्किटांत कधी डुकराची चरबी, आणि अंडे तर जवळपास सगळीकडे. त्यामानाने जुनी जपानी मिठाई सोयीची, कारण ती बरीचशी कडधान्य, तांदूळ, साखर आणि चायना ग्रासवर चालते. कितानोत भारतीय व्यापाऱ्यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. १९८५ मध्ये त्यांनी तिथे संगमरवरी जैन मंदिर बांधले. तिथल्या कोणालाही विचारा, कुठे काय चालेल ते नेमके सांगतील.

एकच गोष्ट खाण्याइतकी भूक उरली असेल तर काय खावे, असा प्रश्न येईलच. बाउमकुखन आता जपानमध्ये कुठेही मिळतो आणि गोफ्र डब्यातून घरी येतो. तेव्हा ती भूक ताकासागोयाच्या ताज्या, गरम किंत्सुबासाठी राखावी. ती थंड झाली की निम्मी चव जाते, म्हणून दुकानाबाहेर पडल्या पडल्या खाऊन टाका.