विजेच्या गाडीचे टायर बदलताना

हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्यांचं आता पुण्यात कुणाला नवल वाटत नाही. टाटांची नेक्सॉन ईव्ही तर आपल्याच जिल्ह्यात, रांजणगावला तयार होते. सुरुवातीला घेतलेल्या या गाड्यांचे टायर आता बदलायला आलेत. दुकानात गेलं की सल्ला मिळतो, ‘‘साइज तीच आहे ताई, हा स्वस्तातला घ्या.’’ पण नुसती साइज पाहून भागत नाही.

बॅटरीमुळे ही गाडी तेवढ्याच पेट्रोलच्या गाडीपेक्षा जड असते. शिवाय पाय दाबताच मोटर जोर लावते. हे सगळं टायरच सोसतो, म्हणून तो लवकर झिजतो.

टायरच्या बाजूवर साइजपुढे एक आकडा असतो. तो भाराचा. ९५ असेल तर एक टायर ६९० किलो पेलतो, ९१ असेल तर ६१५. साइज तीच असूनही हा आकडा वेगळा असू शकतो. गाडीच्या पुस्तिकेत दिलाय त्यापेक्षा कमी आकड्याचा टायर घेऊ नका. तारीखही बघा. २३२५ लिहिलं असेल, तर तो २०२५च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय.

आता खरा प्रश्न. एका चार्जमध्ये जास्त पळवणारा टायर घ्यायचा, की ओल्या रस्त्यावर पकड धरणारा? दोन्ही गुण असले तर उत्तमच. निवडायचंच झालं, तर मी पकड निवडेन. पहिल्या पावसात धूळ आणि तेल एकत्र होऊन कात्रजच्या घाटात रस्ता कसा निसरडा होतो, ते आपण जाणतो. गाडी थोडी कमी पळाली तर आधी चार्जिंगला थांबता येतं. पण मागे मुलं बसलेली असताना ब्रेक दाबूनही गाडी वेळेत थांबली नाही, तर?

नवे टायर घातल्यावर रेंज थोडी घटते. घाबरू नका, बॅटरी बिघडलेली नसते.

दोनच टायर बदलणार असाल तर नवे मागे बसवून घ्या; ओल्या वळणावर मागची चाकं घसरली की गाडी सावरणं कठीण. जॅक ठरलेल्या खुणेवरच लावायला सांगा, कारण खाली बॅटरी असते. अलाइनमेंट करून घ्या, आणि महिन्यातून एकदा सकाळी, गाडी थंड असताना हवा तपासा.

खाचांमधल्या आडव्या पट्ट्या नक्षीला टेकल्या, की टायर संपला. गोटा होईपर्यंत थांबू नका. पावसाळ्याआधी एकदा वाकून बघाच.