दळवटचे हादरे

कळवण तालुक्यातल्या दळवट परिसराला भूकंपाचे सौम्य धक्के नवे नाहीत. नाशिकच्या ‘मेरी’ संस्थेत त्यांची नोंद होते. भांडी खणखणतात, माणसं अंगणात येतात, पुन्हा कामाला लागतात. ही सवयच मला खटकते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं दबली, ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदांखाली. म्हणून धक्का सौम्य असला तरी भिंतीला भेग गेलीय का, पोट सुटलंय का, ते बघा. नवं घर बांधताना दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना सलग काँक्रीटचा पट्टा घाला. तिथं पैसे वाचवू नका. हादरा सुरू असताना दार अगदी जवळ असेल तर मोकळ्यावर या. नाहीतर मजबूत टेबलाखाली बसून डोकं झाका. आणि झोपायच्या जागेवरच्या फळीवरचे जड डबे आजच खाली उतरवा.