वर्तमान आणि शुभवर्तमान
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी नाशिक येथे झालेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत गोड तेवढे बोलावे असा रिवाज आहे. अशा मंगल प्रसंगी वाईट बातम्यांचा विषय काढणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु रविवारी मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर जे बोलणे चालते, त्यात एक तक्रार निरनिराळ्या तोंडून आम्ही वारंवार ऐकत आलो आहो. सकाळी बातम्या पाहिल्या की प्रार्थनेत मन लागत नाही, अशी ती तक्रार. कोणी युद्धाविषयी बोलतो, कोणी द्राक्षबागेवर पडलेल्या गारांविषयी, कोणी कांद्याच्या कोसळलेल्या भावाविषयी. म्हणून आज हाच विषय घेण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या मराठी भाषेने या बाबतीत एक नवल करून ठेविले आहे. रोज सकाळी दाराशी येऊन पडणाऱ्या कागदास आपले वडील ‘वर्तमानपत्र’ म्हणत, आणि वेदीजवळ जे वाचले जाते त्यास ‘शुभवर्तमान’ म्हणत. शब्द तोच, आधी ‘शुभ’ लागले, इतकेच. यावरून कोणी म्हणेल की वर्तमान बाजूला सारावे आणि शुभ तेवढे वाचीत बसावे. हे आम्हांस मान्य नाही. शुभवर्तमानात हेरोदाने केलेली बालहत्या आहे, शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेल्याची वार्ता आहे, आणि कालवरीवरील शुक्रवार तर चौघाही लेखकांनी सविस्तर लिहिला आहे. वाईट वार्ता गाळून शुभवर्तमान छापू म्हटले तर हाती फारच थोडी पाने उरतील.

आपणा नाशिककरांस हे केवळ ग्रंथातून शिकावे लागले नाही. १८ एप्रिल २०२१ चा रविवार आठवा. ईस्टरकाळातील तो तिसरा रविवार. राज्यातील प्रार्थनास्थळे त्या महिन्याच्या आरंभीच पुन्हा बंद झाली होती. ती उघडली ७ ऑक्टोबरला. घरोघरी मोबाईल तांब्याला टेकवून मिस्सा पाहिली जात होती, आणि त्याच मोबाईलवर मधूनमधून निरोप येत होते : कोठे खाट मिळेल काय, रेमडेसिवीर मिळेल काय, अमक्याची प्रकृती कशी आहे. वर्तमान आणि शुभवर्तमान एकाच काचेवर उमटत होती. पुढे तीन दिवसांनी, बुधवारी २१ तारखेस, याच शहरात महानगरपालिकेच्या एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीस गळती लागली, पुरवठा तुटला आणि २२ रुग्ण दगावल्याचे त्याच दिवशी जाहीर झाले. जगाने आपल्या शहराची ती बातमी थोडे दिवस चर्चिली. मग दुसरीकडे दुसरी घडली. आपल्याकडे मात्र ती बातमी राहिली नाही. ती कोणाच्या तरी घरात रिकाम्या खाटेच्या रूपाने जाऊन बसली.

‘सर्व काही ठीक होईल’ असे आपण सहज बोलून जातो. हे वाक्य आम्हांस फारसे रुचत नाही. त्या घरांत ठीक झाले नाही. ख्रिस्ती आशा जर इतकीच असती, तर ती त्या बुधवारी संध्याकाळीच संपली असती.

त्या आधीच्या रविवारी कोणते शुभवर्तमान वाचले गेले होते? लूकच्या शेवटल्या अध्यायातील. अम्माऊसच्या वाटेने गेलेले दोघे शिष्य यरुशलेमास परत येऊन झालेली हकीकत सांगतात, तेथून ते सुरू होते. या दोघांच्या कथेतील एक गोष्ट आम्हांस फार विलक्षण वाटते. वाटेत भेटलेल्या परक्यास ते सगळी बातमी बिनचूक सांगतात. अटक कोणी केली, वधस्तंभ कोणी दिला, आपण कोणती आशा धरून होतो. इतकेच नव्हे, तर स्त्रिया पहाटे कबरेकडे गेल्या, देह सापडला नाही, तो जिवंत आहे असे देवदूतांनी त्यांस सांगितले, हेही ते सांगतात. म्हणजे पुनरुत्थानाची वार्तादेखील त्यांच्यापाशी होती! तरी चेहरे उतरलेले आणि पावले शहराकडे पाठ फिरवून चाललेली. प्रभू त्यांस गप्प बसवीत नाही. आपणांस सर्व ठाऊक असूनही तो आधी त्यांच्याकडून सगळे वदवून घेतो, मग शास्त्र उलगडून दाखवितो, आणि अखेर त्यांच्याबरोबर बसून भाकर मोडतो. त्यानंतर ते दोघे काय करितात? रात्र झालेली असताही उठतात आणि ज्या शहरातून निघाले होते, त्याच भयाच्या शहरात परत जातात. तेथील अधिकारी बदलले नव्हते, शिष्यांची दारे अजून बंदच होती. दुःखाकडे पुन्हा चालत जाण्याचे बळ आले, हाच काय तो फरक. आशा म्हणतात ती आम्हांस येथे दिसते.

आपल्याच प्रांतातील एक गोष्ट सांगतो. १९०३ साली अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील केंदळ गावी फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी ‘निरोप्या’ मासिक काढिले. १९०७ साली ते पुण्याचे महागुरू झाले. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि येथील जर्मन फादर एका दिवसात शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. कित्येकांस स्थानबद्ध करून पुढे मायदेशी धाडण्यात आले. युरोपात असलेले डोरिंग परत येऊ शकले नाहीत. पाठोपाठ १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली. त्या वेळच्या खेड्यातील ख्रिस्ती माणसाच्या कानी पडणारी कोणती बातमी बरी होती? तरीही मास्तर मुलांना शिकवीत, संध्याकाळी जपमाळ होई, मिस्सा जेव्हा लाभेल तेव्हा लाभे. डोरिंग यांस १९२१ साली जपानात हिरोशिमाच्या प्रांतावर नेमण्यात आले. १९२७ साली ते पुन्हा पुण्यास आले. १९८७ साली नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि थॉमस भालेराव त्याचे पहिले महागुरू झाले. १९१४ सालच्या त्या मंडळींपैकी बहुतेकांस हे पाहावयास मिळाले नाही. आपल्या हातून पेरले जात आहे ते उगवेल, याची त्यांस कोणत्याही वर्तमानपत्राने हमी दिली नव्हती.

‘निरोप्या’ हे नावही आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. निरोप नेणारा माणूस निरोप कोणाचा आणि कोणासाठी हे जाणतो. आज प्रत्येकाच्या खिशात एक निरोप्या आहे, पण तो बहुधा कोणाचाच निरोप कोणालाही नेत असतो. साथीच्या काळात आपल्यापैकी कित्येकांनी रात्री दोन वाजता भीतीपोटी खोट्या वार्ता पुढे धाडल्या आणि शेजारच्या आजीबाईंची झोप उडविली. मनाला चटका लावणारी बातमी आली, की ती पुढे पाठविण्यापूर्वी एवढे विचारावे : ही आपणांकडून काही मागते काय? मागत असेल तर उठावे. मागत नसेल आणि केवळ भिववीत असेल, तर ती तेथेच थांबवावी. त्यात जगाचे काही नुकसान नाही.

जाता जाता आणखी एक. देवळाच्या कपाटात बाप्तिस्म्याची वही आणि मृत्यूची वही शेजारी शेजारी असतात. धर्मग्रामाचे खरे वर्तमानपत्र तेच. २०२१ सालची मृत्यूची पाने वाचवत नाहीत, हे खरे. पण त्याच वर्षीची दुसरी वही उघडून पाहावी. ज्यांचा तेव्हा बाप्तिस्मा झाला ती मुले आता शाळेत जातात.

२०२५ च्या पुण्यवर्षासाठी पोप फ्रान्सिस यांनी ‘आशेचे यात्रेकरू’ हे बोधवाक्य दिले, आणि त्याच वर्षी ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी ते प्रभूघरी गेले. ती तारीखही २१ एप्रिलच. यावरून आमची एक सूचना आहे. दर वर्षी त्या दिवशीची सायंकाळची मिस्सा नाशिकच्या त्या रुग्णालयात गेलेल्यांसाठी अर्पावी. ते कोणत्या धर्माचे होते हे विचारण्याचे कारण नाही. मिस्सेनंतर दोघादोघांनी मिळून आपल्या वाडीतील एका आजारी किंवा एकट्या माणसाच्या घरी जावे, बसावे, त्याचे सगळे ऐकून घ्यावे. ज्यांस यात भाग घ्यावयाचा आहे त्यांनी आपले व भेट द्यावयाच्या घराचे नाव फादरांकडे द्यावे. आज जेवणापूर्वी दिले तरी चालेल.